सरकलेला अ‍ॅक्सल

"पण चाचा, तो पुन्हा पुन्हा सरकतो कशानं, तेवढंच सांगा की!"

सयाजी हे विचारत होता, पण त्याच्या आवाजात विचारणं कमी आणि चिडणंच जास्त होतं.

कासमचाचा बाकड्यावर बसून हातातला चहा तेवढा फुंकत राहिले.

घाटमाथ्यावरच्या या गॅरेजातच सयाजी पाना धरायला शिकला होता. आता तालुक्याच्या गावी त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. चाकं जुळवायचं नवं मशीन होतं, दारावर मोठी पाटी होती. आज तो आपल्या जुन्या पिकअपमधून घरच्या बायकांना घेऊन खाली कोकणात निघाला होता. धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. मागच्या हौद्यात गादी टाकून आई, बायको आणि दोन मावश्या बसून आल्या होत्या. आता त्या चिंचेखाली उतरून ओटीच्या नारळांवरून हसत-भांडत होत्या.

"पुढचं डावं चाक बघा. मडगार्डाबाहेर दोन बोटं आलंय. उजवं तेवढंच आत. म्हणजे अ‍ॅक्सल डावीकडं सरकलाय. यात काही चुकतंय माझं?"

"नाही."

"टायर बघितले. स्प्रिंगचे पाटे बघितले. मधला बोल्ट शाबूत आहे. पाट्याला अ‍ॅक्सल धरणारे यू-बोल्ट सोडून तो जागेवर ओढला, पुन्हा आवळला. एकदा नाही, दोनदा. मशीनवर गाडी दोरीसारखी सरळ आली. आणि आज इथवर येईस्तोवर परत तेच... स्टेअरिंग डावीकडं ओढतंय."

"मग इथं का थांबलास?"

"तुम्हाला दाखवायला. म्हटलं, बघू तरी, चाचांना सापडतंय का."

चाचा हसले नाहीत. चहा खाली ठेवला.

"मोजलंस कुठनं?"

"मडगार्डापासनं. मग चासीपासनं."

"चासी कुठनं मोजलीस?"

सयाजीला प्रश्नच कळला नाही. "चासी कशाला मोजायची? चासी ती चासी. तिच्यावरच तर सगळी गाडी..."

"खाली नीज."

"चाचा, कपडे..."

"नीज म्हणतो ना."

सयाजी नव्या सदऱ्यानिशी गाडीखाली सरकला. चाचा उकिडवे बसले.

"अ‍ॅक्सलकडं बघू नको. पाटा चासीला जिथं टांगलाय, तिथं हात लाव. डाव्या अंगाला. त्याच्या मागं... अजून मागं. हां. तळवा पुरा टेकव. आणि हलवू नको."

तिथं काळा रंग होता, जाड आणि चकचकीत. जुन्या मालकानं गाडी विकताना खालनंही रंगवली होती. सयाजीला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं.

चाचा वर चढले. इंजिन सुरू केलं. गाडी जागची न हलवता त्यांनी स्टेअरिंग सावकाश डावीकडं फिरवलं.

मग उजवीकडं.

खालून किंकाळी आली.

बायकांचं हसणं थांबलं. चाचांनी इंजिन बंद केलं.

सयाजी सरपटत बाहेर आला. तळव्याची कातडी चिमटली होती, रक्त येत होतं. तो हाताकडं बघतही नव्हता.

"चाचा... ती उघडली."

"हं."

"हाताखाली उघडली... आणि मिटली. मासा तोंड उघडतो तशी. आख्खी चासी चिरलीय. रंगाखाली..."

त्यानं चिंचेकडं बघितलं. आई उभी राहून डोळ्यांवर हात धरून इकडंच बघत होती. तिच्यामागं रस्ता वळून घाटात उतरत होता.

"काय झालं रे?" आईनं हाक मारली. "निघायचं ना? उन्हं चढायला लागली."

सयाजी गाडीच्या चाकाला टेकून मातीतच बसला.

चाचांनीच उत्तर दिलं, "माई, गाडी इथंच राहील. एसटी येईल आता. तिनं जा."

एसटी आली. नारळ, टोपल्या, हिरव्या बांगड्यांचा डबा, सगळं चढलं. बायकोनं खिडकीतून त्याच्या हाताकडं बघितलं, काहीतरी विचारलंही. त्याला ऐकूच आलं नाही. एसटी पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली तरी तो तिकडंच बघत राहिला.

चाचांनी त्याच्या तळव्यावर पाणी ओतलं, फडकं बांधलं.

"मी अ‍ॅक्सलला ओढून सरळ करत होतो, आणि हलत होती चासी," सयाजी शेवटी म्हणाला. "शिव्या घालत होतो. दोन्ही वेळा वाटलं, जिरवली."

"हं."

"आणि चाचा... मी सरळ केल्यावर तो तसाच सरळ राहिला असता, तर?"

कासमचाचांनी फडक्याची गाठ घट्ट केली.

"तर उद्या मी तुझ्या दारावर दुखवट्याला आलो असतो."