वेगवतीची कडी

तांबळवाडीच्या बंदराबाहेर, त्या पिवळ्या तरंगत्या पिंपाखाली, नौदलाची जुनी नौका 'वेगवती' तळाशी बसली आहे. तुम्ही आता तिथेच बुडी मारणार. दारातून आत शिरण्याआधी लोखंडावर बोटांनी टकटक करायची. आमच्याकडे कोणी ते चुकवत नाही. का, ते ऐका.

गोदाक्का खवणेकर इथलीच. तिचा नवरा दत्ताराम वेगवतीवर स्वयंपाकी होता. एका वादळात डेकवरून लाटेने त्याला नेले, तो सापडलाच नाही. पुढे जहाज जुने झाले. इथला समुद्राचा तळ उजाड झाला होता, मासळी आटली होती. म्हणून ते इथेच बुडवायचे ठरले. माशांना आसरा होईल, बुडी मारणारे पाहुणेही येतील.

बुडवायच्या दिवशी गोदाक्काने नेमक्या जागी होडी नांगरली. म्हणाली, "त्याका दर्यान नेलो. आता त्याची चूलय नेतास?"

सगळे खोळंबले. तेव्हा जहाजाचे म्हातारे कप्तान तिच्या होडीत जाऊन बसले, असे सांगतात. म्हणाले, "बाई, भंगारात गेली तर भट्टीत वितळेल. इथे राहिली तर तिच्यात कोणीतरी नांदेल."

मग तिने स्वतःच नांगर उचलला. पाटावर जेवायला बसावे तशी वेगवती तळाशी सरळ बसली म्हणे.

पुढे बुडी मारून कालवे-शिंपले काढणारा विश्राम कुबल पहिल्यांदा खाली जायला निघाला. गोदाक्काने त्याला थांबवले. "लोकांच्या घरात जाताना कडी वाजवतस ना? मगे थंयही वाजव."

त्याने भटारखान्याच्या दारावर टकटक केली. आतून 'गुम्म' असा आवाज आला. विश्राम घाबरला, पण हलला नाही. काळोखातून गाईच्या वासराएवढा गोब्रा मासा संथपणे बाहेर आला आणि त्याला वळसा घालून निघून गेला. तो आवाज माशाचाच, असे शिकलेले सांगतात. असेलही.

तो वर आल्यावर गोदाक्काने एवढेच विचारले, "चूल?"

"चुलीत माशांची पिल्ला आसत, आक्का. खच्चून भरलीहत."

"म्हणजे पेटली," ती म्हणाली. त्या दिवशी तिने वाडीभर खीर वाटली.

गोदाक्का जाऊनही आता बरीच वर्षे झाली. आजही वर आलेला माणूस अंग पुसण्याआधी किनाऱ्यावर मासे निवडणाऱ्या बायकांकडे जातो आणि आत कोण कोण नांदते आहे, ते त्यांना सांगतो. त्या हातातले काम थांबवून ऐकतात.