पुलातलं भोक

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सूनबाईनं डोकं उठवलंय. मला ही एकच येते. ती घ्या आणि मला मोकळं करा.

फार जुन्या काळी एका नदीवर काळ्या दगडाचा पूल होता. दोन कमानींच्या मधे, खांबाच्या वर, गवंड्यानं मुद्दाम एक मोठं भोक ठेवलं होतं. एरवी त्यातून नुसता वारा जायचा.

कमानीच्या माथ्यावरचा दगड त्याला रोज टोचायचा, "आमच्या पाठीवरून गाड्या जातात. तू काय उचलतंस रे?"

ऐकून ऐकून भोकाला लाज वाटायला लागली. कठड्याचा एक दगड सैल झाला होता. भोक त्याला म्हणालं, "बाबा, माझ्यात येऊन बस. चारचौघांसारखं दिसेन तरी."

दगड बसला. माथ्यावरचा म्हणाला, "आता कसं शोभतंय."

मग पूर आला. पाणी भोकापर्यंत चढलं, वाट सापडेना, तेव्हा पुलालाच रेटायला लागलं. कमानी करकरल्या. माथ्यावरचा ओरडला, "मी सुटतोय, धरा कुणीतरी."

भोक आतल्या दगडाला म्हणालं, "बाबा, निघ."

"बुडेन की मी."

"बसलास तर सगळ्यांना घेऊन बुडशील."

दगडानं अंग सोडलं. भोकातून पाणी धो धो निघून गेलं. पूल राहिला.

पूर ओसरल्यावर माथ्यावरचा म्हणाला, "कसा धरला मी पूल, पाहिलंत ना?" भोकाशी तो अवाक्षर बोलला नाही.

तो दगडच होता, त्याचं सोडा. पण भर पंगतीत माझ्याकडे बोट करून "हे घरात काय कामाचे?" असं विचारणाऱ्यानंही अजून माफी मागितलेली नाही. आमचे व्याही, भिवसेन.