परतीचा परवाना

प्रमिला तिरोडकर परदेशात एका वृद्धाश्रमात नर्स होत्या. कायमच्या रहिवासी म्हणून तिथे राहायला त्यांना मुदत नव्हती, पण देशाबाहेर जाऊन परत येण्याचा परवाना दर काही वर्षांनी नवा करावा लागे. या वेळी तो संपला आणि नेमकी तेव्हाच कुडाळला आई अंथरुणाला खिळली.

परवान्याच्या कार्यालयात खेटे घालून प्रमिलाताई थकल्या. कधी विजेचं बिल जुनं निघे, कधी फोटोत कान दिसत नसत. शेवटी मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्यांनी पासपोर्ट चाळला आणि तोंड वाकडं केलं.

"तुम्ही सारख्या भारतात जाता. या देशाला तुम्ही आपलं घर मानता, यावर मी विश्वास का ठेवावा?"

प्रमिलाताईंचा संयम संपला होता. "साहेब, इथून जायला मला तुमचा कागद लागतच नाही. मी आज संध्याकाळीही विमानात बसू शकते. महिनाभर तुमच्या दारात उभी आहे ती परत येता यावं म्हणून. ज्याला हे घर वाटत नाही, तो परतीसाठी एवढा मनस्ताप कशाला सोसेल?"

साहेबांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली. परवाना पर्समध्ये ठेवत प्रमिलाताई उठल्या आणि सवयीने मराठीतच म्हणाल्या, "येते."