तेरावी पेटी

“आणि माझे तीळ कुठं आहेत?” बाईंनी विचारलं.

शार्दूल दातार गोंधळला. “तीळ?”

“मूठभर होते. कागदात बांधलेले. पेटीच्या तळाशी.”

“मॅडम, इथे बी-बियाणं, पानं, खायचे जिन्नस कागदांबरोबर ठेवता येत नाहीत. कीड लागते. नियम आहे.”

“नियम... बरं.”

मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही.

आमच्या बाई म्हणजे वेणू तेरदाळकर. मूळच्या मिरजेच्या. एकोणसत्तर साली लग्न होऊन कॅनडात आल्या, सास्कॅचवानच्या गव्हाच्या रानात. बावीस वर्षं शाळेची बस चालवली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. इंग्रजीत बारा पुस्तकं, मराठीत दोन. इथली गोरी पोरं शाळेत बाईंची कविता पाठ करतात, आता बोला! बाईंचं वय एक्क्याऐंशी.

मी त्यांची शेजारीण, इचलकरंजीची जयश्री. दवाखान्यात नर्स आहे, लपूनछपून कविताही करते. माझी वही बघून बाई सोळा वर्षांत दोनदाच ‘बरं’ म्हणाल्यात. ते दोन्ही दिवस मी लिहून ठेवलेत.

त्या दिवशी तीन तास गाडी हाकून मी बाईंना शहरात घेऊन आले होते. तिथल्या विद्यापीठाला बाईंचे सगळे कागद कायमचे जपून ठेवायचे होते. कविता, पत्रं, खरडलेली पाकिटं, सगळं. बाईंनी ते वर्षापूर्वीच पाठवले होते, सफरचंदांच्या तेरा लाकडी पेट्यांतून. आता फक्त दानपत्रावर सही राहिली होती. चार वाजता विद्यापीठाचे अध्यक्ष येणार, सही होणार, फोटो निघणार.

शार्दूल तिथला कागदपत्रांचा जाणकार. ठाण्याचा. मराठी येतं म्हणून त्याला खास या कामावर घेतलेलं. बाईंच्या इंग्रजी पुस्तकांवर त्यानं प्रबंध लिहिलाय, आणि ही गोष्ट त्यानं आम्हाला दारापासून टेबलापर्यंत तीनदा सांगितली.

दारातच त्यानं बाईंचं पेन काढून घेतलं. वाचनकक्षात शाई चालत नाही म्हणे, फक्त पेन्सिल. मिरजेहून आणलेलं पेन, बाईंच्या पर्समधून कधी बाहेर पडत नाही, ते याच्या खिशात! माझं तर डोकंच फिरलं. बाईंनी पर्स बंद केली.

“आता हे बघा,” शार्दूल म्हणाला.

भिंतीला करड्या रंगाच्या एकसारख्या पेट्या लागल्या होत्या. एक्केचाळीस. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. दिसायला देखणं होतं, खोटं कशाला बोलू.

“सहा हजार दोनशे बारा कागद,” तो म्हणाला. “एकेकावर पेन्सिलीनं नंबर. कविता एकीकडे, पत्रं एकीकडे, बिलं एकीकडे, टपाल वेगळं. सगळं सालवार. पाच महिने रविवारची सुट्टीसुद्धा घेतली नाही मी.”

मग त्यानं सूची पुढं ठेवली. दोनशे दहा पानांची, बांधलेली. पहिल्या पानावर बाईंचं नाव, खाली त्याचं. त्या नावावरून त्याचा अंगठा दोनदा फिरला.

“एका कवीची एवढी बारीक सूची या देशात दुसरी नसेल,” तो म्हणाला.

“छान,” बाई म्हणाल्या. “आधी कसे होते हे कागद?”

“अहो, काय सांगू! क्रमच नव्हता. एका पेटीत शहात्तरच्या ऑगस्टमधली कविता, तिच्याखाली दोन हजार तीनच्या सप्टेंबरातलं दवाखान्याचं बिल, त्याखाली परत नव्वदचा ऑगस्ट. आमच्या कामाचा पहिला धडा आहे, ज्याचे कागद त्याचा क्रम. तो मोडायचा नाही. पण क्रम नसेलच, तर मात्र आम्ही लावायचा.”

“नव्हताच?”

“अजिबात नव्हता. मी खात्री केली.”

“किती दिवस?”

“दोन दिवस.”

“दोन दिवस...” बाई म्हणाल्या. “मला लावायला पन्नास वर्षं लागली.”

शार्दूल हसला. बाई थट्टा करतायत असं वाटलं त्याला. मी सोळा वर्षं ओळखते त्यांना, बाई थट्टा करत नव्हत्या.

“तीळ टाकून दिलेत का हो, दातार?”

“छे! टाकत काहीच नाही आम्ही.”

तो आत गेला आणि प्लास्टिकची एक पिशवी घेऊन आला. वर लिहिलं होतं, ‘किरकोळ’.

“पेट्या रिकाम्या करताना तळाला जे जे निघालं ते यात टाकलं.”

“ओता.”

“इथे? टेबलावर?”

“ओता म्हणते ना.”

त्यानं ओतलं. तिळाची पुडी. एक राखी, गोंडा उडालेली. मातीची पणती. गुलालाची पुडी. कडुनिंबाची काडी. वाळून कोळ झालेली दूर्वांची जुडी. आपट्याचं पान, कधीतरी मिरजेहून पत्रातून आलेलं. आणि असंच आणखी काहीबाही.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं.

“आठवणी, मॅडम. गावाकडच्या. परदेशात राहणाऱ्या माणसाचं हे असतंच. माझ्या प्रबंधात पूर्ण एक प्रकरण आहे यावर.”

“मोजा.”

त्यानं मोजलं. “बारा.”

“पेट्या किती होत्या?”

“तेरा... पण एक रिकामी होती.”

“म्हणजे भरलेल्या किती?”

“बारा.”

त्यानं टेबलावरच्या बारा वस्तूंकडे परत पाहिलं.

बाई खुर्चीत टेकून बसल्या. हात मांडीवर.

शार्दूलनं तिळाची पुडी उचलली. खाली ठेवली. राखी उचलली. ती हातातच राहिली. मग पणती सरकवली, आपट्याच्या पानाच्या पुढं. पान दूर्वांच्या पुढं. राखी दूर्वांच्या मागं...

“श्रावण,” तो पुटपुटला. “भाद्रपद. आश्विन. कार्तिक...”

तिळापाशी त्याचं बोट थांबलं.

“पौष.”

मलाही तेव्हाच कळलं, आणि माझीच मला लाज वाटली. त्या पेट्या गाडीत मी चढवल्या होत्या. बाईंनी एका पेटीत एक महिना ठेवला होता. पन्नास वर्षांचे सगळे श्रावण एका पेटीत, सगळे पौष दुसरीत. बर्फातल्या देशात राहून बाई आपले महिने जगत होत्या, आणि त्या महिन्यात हाताला जे लागलं, कविता, बिल, पत्र, ते सगळं एकमेकांच्या अंगाला अंग लावून ठेवत होत्या. ते आता एक्केचाळीस पेट्यांत पांगलं होतं. सालवार!

“आणि ती रिकामी पेटी?” बाईंनी विचारलं. “तीही ठेवलीत ना?”

शार्दूलचे कान लाल झाले. तो आपल्या टेबलाकडे गेला, वाकला आणि खालून पेटी ओढून आणली. वरच्या फळीवर बुटांचे ठसे.

आई गं! पाय ठेवायला घेतली होती त्यानं ती.

“तेरावी...” तो म्हणाला. “अधिक महिना.”

“हं.”

“अधिकात तुम्ही काहीच लिहिलं नाहीत?”

शार्दूलनं रुमाल काढला आणि फळी पुसली. दोनदा पुसली.

“मला सांगितलं का नाहीत, मॅडम?” त्यानं विचारलं. “दर महिन्याला फोन करत होतो. काही सूचना आहेत का, विचारत होतो.”

“गर्व,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“माझा. म्हटलं, मराठी माणूस आहे, माझ्यावर प्रबंध लिहिलाय, पेटी उघडताच ओळखेल. न सांगता ओळखायला हवं होतं मला कुणीतरी. एवढी मोठी कवयित्री मी!”

आणि बाई खळखळून हसल्या. त्या वाचनकक्षात कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. कोपऱ्यात जुने नकाशे बघत एक गोरा म्हातारा बसला होता, त्यानं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

शार्दूल हसला नाही. त्यानं सूची उचलून बाजूला ठेवली, पालथी.

“सही करू नका,” तो म्हणाला. “अध्यक्षांना मी सांगतो, चूक माझी आहे. मी परत लावून देतो सगळं. तारखा आहेत कागदांवर. पन्नास वर्षांची पंचांगं मागवतो, तारखेवरून महिना काढतो.”

“आणि ज्यांच्यावर तारीख नाही?”

त्याचा हात पालथ्या सूचीवर गेला.

“किती आहेत?”

“नऊशे चाळीस. मराठीतले बहुतेक सगळे.”

“त्यांचा महिना कुठल्या पंचांगात बघणार?”

त्यानं भिंतीच्या पेट्यांकडे पाहिलं.

“वाचलेत का ते?”

“नोंद केलीय. प्रत्येकाची. कागदाचा आकार, शाईचा रंग, कुठं घडी, कुठं डाग...”

“वाचलेत का?”

शार्दूलनं खाली पाहिलं. “नाही.”

मला वाटलं, आता बाई उठतील. पर्स उचलतील, मला म्हणतील, जयू, गाडी काढ. मी किल्लीसुद्धा हातात घेतली. सहा हजार कागद परत घरी न्यायचे तर दोन खेपा तरी लागतील असा हिशेबही मी मनात करून टाकला.

“आण,” बाई म्हणाल्या. “बस इथं.”

सकाळपासूनचं ‘अहो दातार’ कुठल्या कुठं गेलं होतं.

त्यानं बिनतारखेची पहिली पेटी आणली. वरचा कागद घेतला आणि वाचू लागला. ओठ हलत होते.

“मोठ्यानं.”

“मॅडम, हा वाचनकक्ष आहे. इथे आवाज...”

बाईंनी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. बावीस वर्षं बसमधली पोरं ज्या नजरेला गप्प बसत होती, ती नजर.

शार्दूलनं घसा खाकरला.

“गोठल्या तळ्याला भोक पाडून
कुणी गळ टाकून बसलंय.
मासा येईल न येईल,
ऊन मात्र वळलंय.”

तो थांबला. मग चेहरा उजळला. “ऊन वळलंय. म्हणजे संक्रांत. पौष!”

कागद त्यानं तिळाच्या पुडीपाशी ठेवला आणि आमच्याकडे असं बघितलं की जसं काही नापास होता होता पहिला आला. तोरा परत आला गड्याचा.

“पुढचा,” बाई म्हणाल्या.

दुसरा कागद लहान होता, चौपदरी घडीचा.

“पाकीट परत आलं.
पत्ता बरोबर होता.
मनगट नव्हतं.”

महिन्याचं नाव त्यानं घेतलं नाही. उठला, भिंतीपाशी गेला, अठ्ठाविसावी पेटी उघडली. तिथून एक जुनं निळं पाकीट घेऊन आला. वर मिरजेचा पत्ता, बाईंच्या भावाचं नाव, आणि आडवा टपालाचा शेरा, ‘मयत’.

सूचीत त्यानं ते असं लिहिलं होतं: परत आलेलं टपाल, नग एक.

त्यानं दोन्ही हातांनी ते बाईंना दिलं. बाईंनी कवितेवर पाकीट ठेवलं, कडेला कडा जुळवली आणि राखी त्यावर ठेवली. मला रडू आलं, मी लपवलं नाही. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला अक्षर कळत नव्हतं, तरी त्यानं हातातली पेन्सिल खाली ठेवली होती.

“पुढचा,” बाई म्हणाल्या, जरा वेळानं.

चारला पाच कमी होते. तिसरा कागद शार्दूलनं हळू वाचला.

“आज काही झालं नाही.
भांडी घासली.
ओल्या हातांकडे
थोडा वेळ बघितलं.”

त्यानं परत वाचलं. कागद उलटा करून पाहिला, मागं काही नव्हतं. तिळांकडे पाहिलं, पणतीकडे, गुलालाकडे.

“थंडीतलं असेल... नाही. सण होऊन गेल्यावरचं? नाही... तसंही नाही.”

बाईंनी राखी जरा सरळ केली.

मीही मनातल्या मनात बारा महिने फिरून आले. कुठंच बसेना.

बाहेर पावलं वाजली. अध्यक्ष आले असणार. शार्दूलनं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद हातात धरून तो तसाच बसला होता. पाच महिन्यांचा सगळा थकवा त्याच क्षणी त्याच्या तोंडावर उतरला.

“मला नाही कळत, बाई.”

सकाळपासून पहिल्यांदा तो ‘बाई’ म्हणाला.

बाईंनी पायानंच तेरावी पेटी त्याच्याकडे सरकवली. “मग हिच्यात ठेव. न कळणाऱ्यासाठीच ठेवलीय ती.”

शार्दूलनं पेटीकडे पाहिलं... बाईंकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी तो कागद आत ठेवला.

बाईंनी हात पुढं केला.

“आता माझं पेन दे.”