पाणउंदरांचा गोळा

मुलांनो, एका जंगलात एक डोह होता आणि त्या डोहात पाणउंदीर राहत असत. हा प्राणी घडवताना देवाच्या मनात काय होते कोण जाणे. त्यांच्या डोक्याला पाण्याबाहेर क्षणभर चैन पडत नसे आणि शेपटीला पाणी मुळीच सोसत नसे. म्हणून बिचारे डोके पाण्यात आणि शेपटी वर हवेत, असे दिवसभर पाण्याच्या पृष्ठभागावर लटकून असत. शेपटी फार वेळ भिजली की ती बधिर होई, मग सगळे अंग जड होई आणि तो उंदीर तळाशी जाऊन पडे. तळाशी गेलेला परत वर आल्याचे कोणी पाहिले नव्हते.

एका उन्हाळ्यात डोह आटू लागला. पाणी कमी झाले, उंदीर मात्र तेवढेच राहिले. वर नुसती दाटी झाली आणि त्या धक्काबुक्कीत एक म्हातारी उंदरीण पाण्याखाली लोटली गेली. तिने दोनदा वर येऊन पाहिले, पण कोणी तिला जागा देईना. भांडून जागा मिळाली असती, पण तिच्यात त्राण उरले नव्हते. थकल्या जिवाला भांडण किती जड जाते, ते तुम्हाला आत्ता नाही कळायचे.

पृष्ठभागाच्या जरा खाली तिला तिच्यासारखाच लोटला गेलेला एक उंदीर भेटला. दोघांनी शेपट्या एकमेकांना टेकवल्या. टेकली तेवढी बाजू कोरडी राहिली, बाकीची भिजलीच. पण एवढ्यावरून म्हातारीला एक गोष्ट उमगली. शेपट्या आत आणि तोंडे बाहेर करून पुष्कळ जण दाटून बसले, तर मध्ये पाणी शिरायला जागाच उरणार नाही. ती वरच्यांना हाका मारू लागली. एक तरणा उंदीर आला. तिघे झाले, तरी शेपट्या भिजतच राहिल्या.

"आत्या, हे काही जमायचं नाही," असे म्हणून तो चालता झाला.

मग दुसरा आला, तिसरा आला. जो तो आपली शेपटी कोरडी होते का ते बघे आणि पुढचा यायच्या आत निघून जाई. म्हातारी कोणावरच रागावली नाही. रागवायलाही अंगात बळ लागते. तिच्याजवळचा तो एक उंदीर तेवढा तिला चिकटून राहिला. काठावरच्या बेडकाला वाटले, इथे शिस्तीची गरज आहे. त्याने कोणी कुठे बसायचे ते ओरडून सांगायला सुरुवात केली, पण त्याचे कोणी ऐकले नाही.

डोह आणखी वीतभर आटला. आता एकदम सहा-सात उंदीर खाली लोटले गेले. त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. पाण्याला कंटाळलेल्या शेपट्या आपसूक शेपट्यांकडे वळल्या. तरीही एका फटीतून पाणी आत येतच होते. म्हातारीची अर्धी शेपटी बधिर झाली होती आणि तिचे अंग जड होऊ लागले होते. इतक्यात दोघांनी पुन्हा वर घुसून बघायची भाषा केली.

"मी तुम्हाला सुख देऊ शकत नाही, बाबांनो," ती म्हणाली. "फक्त थोडं थांबा, एवढंच म्हणते."

ते थांबले. खरे सांगायचे तर तिचे पटले म्हणून नव्हे, तेही दमले होते म्हणून. तेवढ्यात तो तरणा उंदीर वरून ढकलला गेला आणि नेमका त्या फटीत येऊन बसला. गोळा मिटला. आतले पाणी बाहेर निघून गेले आणि सगळ्यांच्या शेपट्या पहिल्यांदाच एकदम कोरड्या झाल्या. साबणाच्या पाण्यातही हेच चालते बरे का. तिथले कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचेही डोके पाण्याकडे ओढते आणि शेपटी पाण्यापासून पळते. ते पुरेसे झाले की कोणी न सांगता त्यांचे गोळे बनतात आणि ताटलीवरचे तेल त्या गोळ्यांच्या पोटात शिरून निघून जाते.

तरण्या उंदराची छाती फुगली. "बघितलंस ना, आत्या? मी आलो आणि जमलं."

"हो रे," म्हातारी डोळे मिटून म्हणाली. "मी आले तेव्हा काहीच जमलं नव्हतं. तरी मी गेले नाही."

हे ऐकून तो तिला आणखी जरा चिकटून बसला. तिच्या शेपटीचे टोक मात्र पुढे कधीच बरे झाले नाही.

तात्पर्य : पुरेसे जण जमेपर्यंत काहीच घडत नाही असे वाटते, पण त्या काळात जे भिजत थांबतात, त्यांच्यामुळेच शेवटी येणाऱ्याला कोरडी जागा मिळते.