भोपळ्यातली हाक

एका राज्यात माणसे शिंकतानासुद्धा तोंडावर हात धरीत नसत. धुळीचे वादळ उठले तरी कोणी पदर गालावर ओढीत नसे. डोळे मिटून, दात आवळून जो तो उभा राही. नवरदेवाच्या मुंडावळ्या इतक्या विरळ बांधीत की त्या बांधल्या आहेत की नाहीत, असा वऱ्हाडाला प्रश्न पडे. ऐकताना हसू येते खरे, पण त्या राज्यात कोणाला येत नव्हते.

याचे कारण असे. राजा भीमकेतूला एकच मुलगा होता. वसंतोत्सवात सारे नगर मुखवटे घालून नाचत असताना वाघाचा मुखवटा घातलेल्या कोणी त्या कोवळ्या राजपुत्राच्या छातीत सुरा खुपसला आणि तो गर्दीत नाहीसा झाला. नगरात वाघ पुष्कळ होते, कोणाकोणाला धरणार? राजाने त्या दिवसापासून सिंहासनापुढे जाड पडदा सोडला आणि कोणाला तोंड दाखवले नाही. मग त्याने मांत्रिक शंबलाला बोलावले.

पडद्याआडून राजा म्हणाला, "उघड्या तोंडाच्या चोराला फटके आहेत, उघड्या तोंडाच्या खुन्याला सूळ आहे. पण जो तोंड झाकून, आपली ओळख लपवून गुन्हा करील, त्याला सुळाहून कठोर शिक्षा हवी. देता येईल?"

शंबल म्हणाला, "येईल, महाराज. ज्याला तोंड लपवायचे आहे, त्याचे तोंड कायमचे लपेल."

त्याने मंत्र घातला. त्या दिवसापासून जो तोंड झाकून गुन्हा करी, त्याच्या तोंडावरचे झाकण कातडीला चिकटे. आधी लोक त्याचा चेहरा विसरत, मग आवाज, मग नाव. इकडे त्याच्या पायांपासून लाकूड चढत जाई, आणि पुढच्या अमावास्येला तो पुरता खांब होऊन निर्बोल बुरुजात उभा राही. शिक्षा सांगताना शंबल स्वतः तोंडावर काळे कापड घेई. शिक्षा देणाऱ्याला कोणी ओळखू नये, असे त्याचे म्हणणे होते.

पहिल्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोला, दरोडे थांबले. पण मंत्राला डोळे होते, अक्कल नव्हती. सुक्याबरोबर ओलेही जळू लागले. थंडीत मफलर गुंडाळून दुसऱ्याच्या शेतातली दोन कणसे मोडणारा म्हातारा खांब झाला, आणि टाळ्या बंद झाल्या.

राज्याच्या टोकाला डोंगरात केसो नावाचा मधाळ राहत होता. आग्या मोहोळाचा मध काढणे हा त्याचा पिढीजात धंदा. घरी आई रानाई आणि धाकटी बहीण कमळजा. ज्या कड्यावर त्याचे वाडवडील दोर सोडून उतरले, तो कडा राजाने नुकताच राखीव करून टाकला होता. केसो तरी गेला. आईच्या छातीतला खोकला मधाशिवाय उतरत नव्हता, आणि राजाचा हुकूम खोकल्याला कळत नव्हता. गुन्हा होता, नाही कसे म्हणू? उघड्या तोंडाने केला असता तर पाठीवर चार फटके बसले असते. पण आग्या माश्यांपुढे उघड्या तोंडाने कोण जातो? त्याने नेहमीसारखे कांबळ्याचे फडके तोंडाला गुंडाळले. वर रखवालदार "चोर" म्हणून ओरडले आणि फडके जागच्या जागी चिकटले. रखवालदारांनी त्याला निर्बोल बुरुजात नेऊन उभे केले.

कमळजाला हे कळले तेव्हा ती रडली, पण घाबरली नाही. घाबरली ती दुसऱ्या दिवशी. भाऊ आठवावा म्हणून डोळे मिटले, तर तीळ डाव्या गालावर होता की उजव्या, ते तिला सांगता येईना. थोड्या वेळाने तीळ होता की नव्हता, तेही सांगता येईना.

ती धावत स्वयंपाकघरात गेली. आईने दोनच ताटे घेतली होती.

"आई, दादाचं ताट?"

"कुणाचा दादा गं?" रानाई खोकत म्हणाली. "मला तर तू एकलीच."

आजाराने खंगलेल्या आईला मंत्राने आधीच रिकामे केले होते. कमळजा परसात जाऊन कुंपणाला धरून उभी राहिली. कुंपणावर एक वेडा राघू बसला होता. हा हिरवा, शेपटीला बारीक दांडी असलेला पक्षी माश्या खाऊन जगतो आणि त्याच्या डोळ्यांवर जन्मापासून काळी पट्टी असते. तो मनुष्यवाणीने बोलला.

"पोरी, पट्टी पाहून मलाच धरतील म्हणून मी दडून होतो. पण तुझा भाऊ कड्यावर उतरला तेव्हा मी तिथे होतो. मधाळांची रीत तुला ठाऊक आहे?"

कमळजाला ठाऊक होती. पोळे कापण्याआधी मधाळ माश्यांना हाक देतो, आपले नाव सांगतो, मध मागतो. न सांगता कापणाऱ्याचा दोर माश्या तोडतात, असे त्या डोंगरात लहान मुलेही सांगत.

राघू म्हणाला, "राजाच्या कायद्यात शब्द आहेत, 'आपली ओळख लपवून'. मंत्र फक्त कापड पाहतो. त्याला हाक ऐकव. तीन कामे आहेत. बुरुजात जाऊन भावाला ओळख आणि खुणेला तुझ्या पदराची चिंधी बांध, म्हणजे हाकेला आपले घर सापडेल. कड्यावर जाऊन त्याची हाक आण. अमावास्येचा सूर्य बुडण्याआधी राजाच्या दारची न्यायघंटा वाजव. तिन्ही कामे उघड्या तोंडाने कर. तोंड झाकलेस तर तूही खांब होशील."

"आणि हाकेत त्यानं नाव घेतलंच नसेल तर?"

राघू उडून गेला. पक्ष्यांना अवघड प्रश्न आवडत नाहीत.

निर्बोल बुरुजाला पहारा नव्हता. तिथे पाऊल टाकायला कोण धजणार? आत खांबांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खांबाला तोंडाच्या जागी झाकण होते: कुठे अस्वलाचा मुखवटा, कुठे फाटका पंचा, कुठे मफलर. सर्वांत जुना खांब वाघाच्या मुखवट्याचा होता. कमळजा त्याच्या समोरून गेली तेव्हा मुखवट्याच्या भोकांतले डोळे तिच्याबरोबर फिरले. मग तिने पाहिले, सगळेच फिरत होते. लाकूड झालेली माणसे मेलेली नव्हती. पळून जावे असे तिला फार वाटले.

पण यातला आपला कोणता? चेहरा तर ती विसरली होती. कांबळ्याची फडकी पुष्कळांच्या तोंडावर होती, कारण गरिबाकडे तेवढेच असते. ती एकेका खांबापुढे उभी राहिली आणि प्रत्येकाचे डोळे तिला आपला म्हण, आपला म्हण, असे विनवू लागले. ते डोळे पाहवेनात म्हणून तिने मान खाली घातली. तेव्हा तिला मुंग्यांची ओळ दिसली. ओळ भिंतीतून निघून सरळ एका खांबावर चढत होती. ज्या माणसाने जन्मभर मध काढला, त्याचे लाकूडही मुंग्यांना गोड लागत होते.

कमळजाने मुंग्या झाडल्या, पदर फाडून चिंधी बांधली. "दादा, येते मी," असे ती म्हणाली. उत्तराची वाट पाहताना तिच्या ध्यानात आले की आपल्याला त्याचा आवाजही आठवत नाही.

कड्याच्या माथ्यावर पोचेपर्यंत तिने त्याचे नाव तोंडात धरून ठेवले होते, जसे पाण्याचा घोट धरून चालावे. केसो, केसो, केसो. एका दगडावरून पाय घसरला, तिने "आई गं" म्हटले, आणि पुन्हा नाव घ्यायला गेली तर तोंड रिकामे. ती तिथेच बसली. आपण कोणासाठी आलो? दादासाठी. दादाचे नाव काय? ठाऊक नाही. जन्मात तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. नाव दुसऱ्यांसाठी होते. मंत्राने नाव नेले, पण दादा हा शब्द न्यायचे त्याला कोणी सांगितले नव्हते. तेवढा एक शब्द घेऊन, कंबरेला मधाचा रिकामा भोपळा बांधून ती घरच्या दोराने खाली उतरली.

पोळी कड्याला काळ्या ढालींसारखी लटकत होती. माश्यांची राणी मनुष्यवाणीने म्हणाली, "कोण आहेस? काय हवे?"

"मी कमळजा, रानाईची लेक. माझ्या दादाची हाक हवी."

"या कड्याने शेकडो मधाळांच्या हाका सांभाळल्या आहेत. नाव सांग."

"नाव पुसलं गेलं."

"मग आम्ही शोधायची कशी?"

कमळजाने विचार केला. चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. राहिले काय? "घरी आला की पोळ्याचा पहिला तुकडा तो माझ्या तळहातावर ठेवायचा. खाली सांडू नको म्हणायचा."

"तळहात दाखव," राणी म्हणाली. "पण उघड्या तोंडाने आलीस. डंख मारणे ही आमची रीत आहे, राग नव्हे."

तिने तळहात पुढे केला आणि माश्या आल्या. डोळ्यांवर, ओठांवर, कानशिलांवर डंख बसले. दोर सुटू नये म्हणून तिने दात ओठांत रोवले. तळहातावर मात्र एकही डंख बसला नाही. तिथे जुन्या मधाचा वास होता. त्या वासाच्या मागाने माश्या कपारीत शिरल्या आणि एक कुजबुज हाकलत बाहेर आल्या. कमळजाने रिकाम्या भोपळ्यात ती धरली आणि भोपळ्याचे तोंड मेणाने बंद केले.

राणी म्हणाली, "रखवालदारांच्या भीतीने तो त्या दिवशी फार हळू बोलला. नाव घेतले की गिळले, आम्हालाही ऐकू आले नाही. भोपळा एकदाच उघडता येईल."

अमावास्येचा सूर्य कलला तेव्हा ती राजद्वारी पोचली. तिचा चेहरा एवढा सुजला होता की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. तिने न्यायघंटा वाजवली आणि शिपायांनी तिला धरून पडद्यापुढे आणले. शेजारी शंबल उभा होता, तोंडावर काळे कापड घेऊन.

"हिने मुखवटा घातला आहे," शंबल म्हणाला. "राजद्वारी तोंड झाकून येणे हा गुन्हा आहे."

कमळजाच्या तळव्यांना मुंग्या आल्या. तिने खाली पाहिले. पायाची बोटे तपकिरी, कडक होऊ लागली होती. पण नाव सांगायची रीत तिच्या अंगात मुरली होती.

ती म्हणाली, "मी कमळजा, रानाईची लेक. हे माझंच मांस आहे, हात लावून बघा. मी ओळख लपवली नाही. माझ्या दादानंही लपवली नाही."

पडद्याआडून आवाज आला, "पुरावा?"

तिने मेण काढले. भोपळा गप्प होता. दरबारातला एक म्हातारा खोकला, मग तोही थांबला. काळ्या कापडाआड शंबल हसला. लाकूड कमळजाच्या घोट्यांपर्यंत चढले आणि तिला वाटले, भावाने नाव गिळलेच. भीतीने माणूस काय काय गिळतो, हे आता तिच्याइतके कोणाला ठाऊक होते?

तेवढ्यात भोपळ्याच्या तळातून कुजबुज निघाली.

"आयांनो, मी केसो, रानाईचा लेक. तोंड झाकलंय ते तुमच्या डंखापायी. नाव झाकलेलं नाही. आई आजारी आहे. अर्धं नेतो, अर्धं ठेवतो."

कुजबुज दरबारभर फिरली आणि खिडकीतून बुरुजाकडे गेली. कमळजाचे पाय मोकळे झाले. आणि न्यायघंटा कोणी हात न लावता वाजली. आजवर ती तक्रार ऐकत आली होती, आता तिने विचारले, "एवढ्या माणसांचे तोंड, आवाज, नाव ज्याने नेले, तो कापडाआडचा कोण? पडद्याआडचा कोण?"

मांत्रिक आपले नाव उच्चारीत नाही. उच्चारले तर त्याची विद्या जाते. शंबल पळू लागला. दारापर्यंत पोचेतो काळे कापड चिकटले, आणि उंबरठ्यावर एक वाकडा खांब उभा राहिला.

पडदाही सिंहासनाकडे सरकू लागला. त्याच्या घड्या राजाच्या तोंडाला भिडल्या, आतून गुदमरल्याचा आवाज आला. दरबारी नुसते पाहत राहिले. मग आतून एका हाताने पडदा टराटरा फाडला. आत एक म्हातारा होता, रडून रडून पापण्या झडलेला.

"मी भीमकेतू," तो म्हणाला. "माझा मुलगा मारला गेला. मारणाऱ्याचे तोंड दिसले नाही, म्हणून मला प्रत्येक झाकल्या तोंडाची भीती वाटली. मी न विचारता शिक्षा दिली. माझे चुकले."

घंटा थांबली. उंबरठ्यावरच्या खांबाने नाव सांगितले नव्हते, तो तसाच राहिला. तिकडे बुरुजात खांबांचे लाकूड उतरू लागले, झाकणे गळून पडली आणि घराघरांत माणसांना माणसे आठवली. सुटलेली सारी दरबारात आली, तेव्हा त्यांत वाघाचा मुखवटा हातात घेतलेला एक साधा, मध्यम वयाचा मनुष्य होता. राजा सिंहासनावरून उतरून त्याच्यापुढे उभा राहिला. ज्या तोंडासाठी एवढा कायदा केला, ते तोंड त्याच कायद्याने इतकी वर्षे झाकून ठेवले होते. राजाने ते पुरते पाहून घेतले, मग विचारले, "तुझे नाव?" त्याने नाव सांगितले. राजा मुठीत यावा म्हणून शंबलाने सुरा हाती दिला होता, आणि पुढे त्याच मुखवट्याने चोरी करताना आपण खांब झालो, हेही सांगितले. राजाने उघड्या तोंडाने, आपले नाव घेऊन त्याला सूळ फर्मावला. तोंड झाकून घात करणाऱ्याला जास्त शिक्षा हा नियम राज्यात राहिला. पण आधी झाकले का ते विचारायचे, आणि शिक्षा सांगणाऱ्याने पहिल्यांदा स्वतःचे नाव सांगायचे. केसोला चोरीचे चार फटके बसले. कडा मधाळांना परत मिळाला.

पाठ चोळत केसो फाटकाबाहेर आला. मनगटाला पदराची चिंधी होती. समोर एक सुजलेली, ओळखू न येणारी पोरगी उभी होती. तो थबकला, बुरुजातली भीती अजून त्याच्या डोळ्यांत होती.

"कोण तू?" त्याने विचारले.

त्या राज्यात आता ज्याने त्याने नाव सांगायचे होते. कमळजाने सांगितले नाही. तिने फक्त तळहात पुढे केला.

"दादा, मी," ती म्हणाली.

केसोने तो हात दोन्ही हातांत धरला आणि तो मोठ्याने रडला.

कड्याने सांभाळली ती ही कहाणी. अर्धी मी नेतो, अर्धी तुमच्यापाशी ठेवतो.