डोळा बांधलेला पंच

एका राज्यात संत्र्याच्या बागा इतक्या होत्या, की राजाच्या मुकुटात हिऱ्याच्या जागी सोन्याचं संत्रं बसवलेलं होतं. माझं राज्य बागवानांच्या जिवावर उभं आहे, असं राजा रोज सकाळी म्हणे आणि पुन्हा डोळे मिटून घेई. राज्य चालवी ती फळसभा. कालव्याचं पाणी कुणाला सोडायचं, कुठली बाग राखायची, कुठली तोडायची, सगळं त्या सभेत ठरे. सभेत सात आसनं सरदारांची आणि पाच बागवानांच्या पंचांची. पाचही पंचांनी ‘मंजूर’ म्हटल्यावाचून एकही ठराव पुरा होऊ नये, असा जुना दंडक होता. दंडक फार चांगला होता. पाचही पंच दर वेळी मंजूरच म्हणत, एवढंच काय ते.

त्या पाचांतलं एक आसन सोनखुंट गावाचं. दर तिसऱ्या चैत्रात गावाच्या पारावर उमेदवारांची मडकी मांडत. ज्याचं नाव गावाच्या पाटीवर, त्याने आपल्या बागेतलं एक पान तोडून हव्या त्या मडक्यात टाकायचं. पानं जास्त तो पंच. सम पडली तर वयाने वडील तो पंच.

आता बागवान म्हणजे मोठी चिकित्सक जात. रोप घ्यायचं तर मूळ उकरून बघतील, पान उलटून बघतील, कलमाच्या सांध्यावरून तीनदा अंगठा फिरवतील. पण पंच निवडून पाठवला, की त्याच्याकडे ढुंकून बघतील तर शपथ. वाघासारखा गेलेला पंच सहा महिन्यांनी ‘विचार चालू आहे’ म्हणत परत येई. लोक म्हणत, माणूसच नासका निघाला. मग पुढच्या खेपेला त्याहून चांगला माणूस शोधून पाठवत. तेहतीस वर्षांत अकरा चांगली माणसं त्या गावाने अशी वाया घालवली.

त्याच गावात भिवरा नावाची कलम बांधणारी राहत होती. जंबेरी म्हणजे आंबट, काटेरी, रानटी लिंबाची जात. तिच्या रोपाला भिवरा चाकूने चीर देई, चिरेत गोड संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती गाठ, सरकवी, केळीच्या सोपटाने घट्ट बांधी. डोळा धरला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. मग मुळं जंबेरीची राहतात, पण फळ येतं ते दुसऱ्याचं. भिवराने बांधलेला डोळा कधी सुकला नाही, अशी तिची ख्याती होती.

तिचा धाकटा भाऊ हैबती. त्याची जीभही जंबेरीसारखीच होती. पाटलाला पाटलाच्या तोंडावर चोर म्हणणारा तो एकटाच. अकरावा पंच परत आला तेव्हा भिवराने मनाशी ठरवलं, की बारावा आपला भाऊ. हैबतीला जायचं नव्हतं. अक्का, मला बागेत राहू दे, सभेत माझं काय काम, असं तो दहादा म्हणाला. पण भिवराने त्याचं मडकं पारावर मांडलंच. समोर उमेदवार गोमाजी होता, साठीचा, कानाने अधू, चार वाक्यं बोलायला सकाळ घालवणारा. भिवराने आपलं पान हैबतीच्या मडक्यात टाकलं. मग पदराआडून आणखी एक टाकलं. आई फाल्गुनात वारली होती, पण पाटीवर तिचं नाव अजून होतं. आई असती तर तिने आणखी कुणाला टाकलं असतं, असं भिवराने स्वतःला समजावलं.

हैबती एका पानाने निवडून आला. गावाने हलगी वाजवली, गुलाल उधळला आणि तो राजधानीला गेला.

कार्तिकात तो परतला तो पालखीतून. त्याआधी महिनाभर कालवा कोरडा पडला होता. पाणी वर वळवून राजाच्या नव्या कमळतळ्यात सोडलं होतं, आणि त्या ठरावाला हैबतीने मंजूर म्हटलं होतं. बागवान स्वतः झाडाला पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात; पण तो ताण बहरासाठी आणि दिवस मोजून. हा ताण मरणाचा होता. पानं वाळून गळली आणि झाडावर राहिलेली फळं कडू झाली, इतकी की माकडंही फिरकेनात. गावकऱ्यांनी पालखी अडवली. हैबती पालखीतूनच म्हणाला, “व्यापक हित पाहता झालं ते योग्यच झालं. विचार चालू आहे.”

भिवराने त्याला घरी जेवायला बसवलं. पानात जंबेरीचं लोणचं वाढलं. त्यावाचून त्याचा घास उतरत नसे. त्याने ते बोटाने बाजूला सारलं. पाणी प्यायला तो खाली वाकला, तेव्हा त्याच्या मानेवर केसांखाली तिला गाठ दिसली. भिवराने अंगठा फिरवला. तिच्या हाताने आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं, अंगठा चुकणार नव्हता. तो कलमाचा सांधा होता, चांगला धरलेला. सांध्यात एक डोळा होता आणि तो उघडा होता. त्या डोळ्याने तिच्याकडे नीट न्याहाळून बघितलं. माणसं नासकी नव्हती, आणि तेहतीस वर्षांत एकाही मानेला गावाने हात लावून बघितलं नव्हतं.

वेशीवरच्या उंबरावर एक तांबट पक्षी राही. तो दिवसभर टुकटुक करतो असं गाव समजे. खरं तर तो बोलत असे, पण पुरतं ऐकायला कुणी थांबत नसे. भिवरा दुपारभर थांबली. तांबट म्हणाला, की राजाचा उद्यानमंत्री दीर्घनख हा मांत्रिक आहे, त्याच्या अंगठ्याचं नख कलमाच्या चाकूएवढं आहे, आणि आसनावर बसणाऱ्या प्रत्येक पंचाच्या मानेत त्याने एकाच झाडाचा डोळा बांधला आहे.

“सांधा कसा तुटेल?” भिवराने विचारलं.

“ज्या जंबेरीला कधी चाकू लागला नाही तिचा काटा आण. त्याने सांध्याखाली काप. ज्या पानाने त्याला तिथे पाठवलं ते पान सभेखालच्या भुयारातून आणून जखमेवर ठेव, नाहीतर रक्त थांबणार नाही. आणि भर सभेत काप. कापताना तो तुझा होऊन बोलेल, तेव्हा हात थांबवू नकोस.”

“कधीपर्यंत?”

“माघी पुनवेला वाळलेल्या बागा तोडण्याचा ठराव आहे. तो मंजूर म्हणेल.”

पहिली कामगिरी काट्याची. भिवरा सात दिवस गावोगाव हिंडली. चाकू न लागलेली जंबेरी कुठे सापडेना, कारण उगवली की बागवान तिच्यावर डोळा बांधत, नाहीतर उपटून फेकत. आठव्या दिवशी ती आपल्याच गावात परतली आणि गोमाजीच्या कुंपणात तिला ती दिसली, म्हातारी, वेडीवाकडी, पिवळ्या फळांनी लगडलेली. आपण मडक्यात पाडलेल्या माणसाच्या दारात उभं राहणं तिला जड गेलं. काटा कशाला हवा, ते तिने सांगितलं. दोन पानांचं सांगितलं नाही.

गोमाजीने कानामागे हात धरून सगळं ऐकलं. म्हणाला, “पंच बदलतात कसे, याचा मला संशय होता. पण हरलेला बोलला की लोकांना रडगाणं वाटतं. काटा ने. हैबतीला माझा आशीर्वाद सांग.”

तो आशीर्वाद तिला काट्याहून जास्त बोचला.

दुसरी कामगिरी पानाची. राजधानीत फळसभेच्या खाली एक भुयार होतं. आजवर मडक्यांत पडलेलं प्रत्येक पान दीर्घनखाने तिथे साठवलं होतं, आणि ती सगळी पानं हिरवीगार होती. लोकांनी विश्वासाने तोडलेलं पान सुकत नाही. त्या ओलाव्यावरच त्याचं डोळ्यांचं झाड वाढे. त्या खजिन्याला शाप होता. जो आपलं नसलेलं पान उचलील किंवा आपल्या पानाविषयी खोटं बोलेल, तो जागीच खुंट होईल. दाराशी पांढरा नाग बसला होता आणि त्याच्यामागे लाकडी खुंटांची रांग उभी होती. काही खुंटांना अजून बोटं होती.

“तुझी पानं किती?” नागाने विचारलं.

एक म्हणायला तिची जीभ उचलली होती. खुंटांची बोटं बघून ती अडखळली.

“दोन,” ती म्हणाली. “एक माझं. एक मेलेल्या आईच्या नावाचं, पण टाकलं मीच. हात माझाच होता.”

“हे आणखी कुणाला ठाऊक आहे?”

“तुम्हाला.”

नाग बाजूला झाला. हजारो पानांतून दोन पानं उडून तिच्या पदरात पडली. एक ताजं होतं. दुसरं तेवढं काठाने काळं पडलं होतं.

माघी पुनवेच्या सकाळी सभा भरली. फळसभा सर्वांना खुली होती. कुणी जात नसे, म्हणून कुणी अडवतही नसे. भिवरा सरळ आत गेली आणि हैबतीच्या आसनामागे उभी राहिली. राजा सिंहासनावर पेंगत होता. दीर्घनखाने ठराव वाचला, की सोनखुंटच्या वाळक्या बागा मुळापासून तोडाव्यात आणि तिथे राजाच्या शिकारीसाठी रान वाढवावं. सात सरदारांनी माना हलवल्या. चार पंच मंजूर म्हणाले. हैबती उठला आणि भिवराने डाव्या हाताने त्याचे केस धरले.

मानेवरचा डोळा खाडकन उघडला. हैबतीच्या तोंडून बाहेर पडला तो त्याचा पाच वर्षांचा असतानाचा आवाज, तिने कडेवर घेऊन फिरवलं तेव्हाचा.

“अक्का, दुखतंय गं. आईने मला तुझ्या ओटीत घातलं होतं ना?”

भिवरा रडत होती आणि रडता रडता तिने कापलं, सांध्याखाली दोन बोटं, जिवंत सालीपर्यंत, जसं रोपाला कापायचं तसं. डोळा भुईवर पडला, एकदा मिटला आणि सुकून बीएवढा झाला. रक्ताची धार लागली. तिने ताजं पान ठेवलं, धार निम्मी झाली. काळं पान ठेवलं, धार थांबली.

दीर्घनखाने ओरडून विचारलं, “मंजूर?”

हैबतीने घसा खाकरला.

“नाही.”

दीर्घनखाच्या अंगठ्याचं नख गळून पडलं आणि नखाबरोबर त्याची सगळी विद्या गेली. राजा जागा झाला. हा कोणता शब्द, असं त्याने विचारलं. तेहतीस वर्षांत तो त्याच्या कानावर आला नव्हता. प्रधानाने अर्थ सांगितला, तेव्हा राजा बराच वेळ विचारात पडला. तेवढ्यात भिवराने उपाय सांगितला आणि तोच काटा हातोहात फिरला. राजधानीतच राहणारी पंचांची माणसं धावत आली, भुयारातून आपापली पानं घेऊन. तिघांनी लगेच कापलं. चौथ्याच्या बायकोने दाराशी उभ्या पालखीकडे एकदा बघितलं, आणि मग तिनेही कापलं.

राजाने ठराव फाडला. कालवा पुन्हा सोनखुंटकडे वळवण्याची आज्ञा झाली. दीर्घनखाला शाही बागेत पाणी शेंदायच्या कामावर ठेवलं. आजही तो तेच करतो.

सभा उठत होती. हैबतीने मानेवरची पानं काढून तळहातावर घेतली होती आणि तो ती उलटून पालटून बघत होता.

“अक्का, हे ताजं तुझं. हे दुसरं कुणाचं?”

भिवराला खोटं बोलता आलं असतं. इथे नाग नव्हता.

“आईच्या नावाचं,” ती म्हणाली. “मीच टाकलं.”

“मी एका पानाने आलो होतो.”

“होय.”

“सम पडली असती तर गोमाजीकाका वडील होते.”

“होय.”

हैबतीने दोन्ही पानं तिच्या हातावर ठेवली. “म्हणजे गावाने मला पाठवलंच नव्हतं,” तो म्हणाला. “तू पाठवलंस.” आणि तो तिला मागे ठेवून पायीच गावाकडे निघाला.

भिवराने गावात येऊन पारावर सगळं सांगितलं. गोमाजीने कानामागे हात धरून ऐकलं. गावाने निवाडा केला, की भिवराचं नाव पाटीवरून पुसावं. तिने पुन्हा कधी पान टाकू नये. हैबतीच्या जागी गोमाजी सभेत गेला. सरदार त्याच्याशी फार गोड बोलले, पण त्याला ते ऐकूच आलं नाही. बागा अर्ध्या जगल्या. अर्ध्या ठरावाविनाच मेल्या होत्या.

हैबती बागेच्या दुसऱ्या टोकाला खोपट बांधून राहिला. त्याची जीभ पुन्हा काटेरी झाली आणि गाव त्याला पुन्हा भिऊ लागलं. भिवराला मात्र तो एकही शब्द बोलला नाही, कडूसुद्धा नाही. भांडायला तरी येईल म्हणून ती कित्येक वर्षं दार उघडं ठेवत होती.

तेव्हापासून त्या राज्यात नवा दंडक पडला. दर दोन महिन्यांनी पंचाने गावी यायचं, सगळ्यांदेखत पारावर बसायचं आणि मान खाली घालायची. सोनखुंटला मान तपासायचं काम भिवराकडे आलं, कारण तिच्यासारखा अंगठा दुसऱ्या कुणाला नव्हता. पान टाकायचा हक्क गेलेल्या त्या बाईने मरेपर्यंत पंचांच्या माना चाचपल्या, केस बाजूला सारून, तीनतीनदा.

ही कहाणी इथे संपूर्ण झाली. सुफळ झाली की नाही, ते फळ चाखणाऱ्याने ठरवावं.